बुद्धिबळ शिकणारा संगणक: आधी नमुने शिकवावेत की आधी डाव मोजायला?

कृष्णाकाठ (सांगली)

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बुद्धिबळाचा प्रकल्प घेणाऱ्या मुलांना ठरलेला सल्ला मिळतो: मिनिमॅक्स (आपली आणि प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक शक्य खेळी पुढे तपासत जाणारी पद्धत) लिहा, अल्फा-बीटा छाटणी (ज्या फांद्यांनी उत्तर बदलणार नाही त्या न तपासता सोडणं) घाला, झालं. मला तो पटत नाही. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत होता. २०१७ च्या अल्फाझीरो या स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रॅमने सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहून, ७ कोटी पाहणाऱ्या स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनला १०० डावांत २८ वेळा हरवलं, बाकी ७२ बरोबरीत. म्हणजे थोडं पाहायचं, पण नेमकं पाहायचं. हे नेमकेपण न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमने) डावांतले नमुने शिकून येतं आणि मुलांनी तेच आधी हाताळावं.

काम आवाक्यातलं आहे. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरचे डाव महिन्यागणिक फुकट उतरवता येतात. त्यातले १८०० च्या वरच्या रेटिंगचे (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) डाव घ्या, बुलेट, म्हणजे अगदी झटपट डाव, वगळा. मोहऱ्यांचे १२ प्रकार, प्रत्येकाला ८×८ चा एक पट, म्हणजे ७६८ खाने, त्यांत ० किंवा १. शिवाय कॅसलिंगचे (राजा आणि हत्ती एकदम हलवण्याचे) हक्क आणि आं पासां (शेजारून गेलेलं प्यादं मारण्याचा खास नियम). उत्तर म्हणून "कुठल्या घरातून कुठल्या घरात" असे ६४×६४, म्हणजे ४०९६ पर्याय. नियमबाह्य खेळ्या झाकून टाका आणि उरलेल्यांतली सर्वांत जास्त संभाव्यतेची खेळी घ्या. सुरुवातीला १० लाख स्थिती आणि नेटवर्कचे चार कन्व्होल्यूशन थर (पटाचे छोटे तुकडे पाहून नमुने ओळखणारे) पुरतात. गूगलच्या कोलॅब या सेवेतल्या फुकट जीपीयूवर (अशा आकडेमोडीच्या वेगवान चिपवर) भागतं.

अजिंक्यतारा (सातारा)

आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष घाईचा आहे. अल्फाझीरोसुद्धा खेळी-प्रतिखेळींचं झाड शोधतोच, फक्त कमी फांद्यांचं. आणि ते नेमकेपण यायला स्वतःशीच ४ कोटी ४० लाख डाव खेळावे लागले, ५००० टीपीयू (गूगलच्या खास चिप) लावून. कॉलेजच्या लॅबला तो दाखला लागू नाही.

एक साधी स्थिती मांडा. पांढरा: राजा जी१, हत्ती डी१, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, हत्ती ई८, प्यादी एफ७, जी७, एच७. पांढऱ्याने हत्ती डी७ वर नेला की काळा हत्ती ई१ वर येतो आणि मात. आता पांढऱ्याचं एच२ चं प्यादं एच३ वर ठेवा. तीच हत्ती डी७ खेळी चालते, कारण शह बसला की राजा एच२ वर सटकतो. तुमच्या ७६८ खान्यांपैकी फक्त दोन बदलले आणि उत्तर मात होण्यापासून चांगल्या खेळीपर्यंत गेलं. "सातव्या रांगेत हत्ती चांगला" हा नमुना लाखो डावांत दिसतो, म्हणून छोटं नेटवर्क दोन्हीकडे डी७ च सुचवायला जातं. दोन खेळ्या पुढे पाहणारा शंभर ओळींचा अल्फा-बीटा इथे चुकत नाही.

दुसरं, चांगले खेळाडू हरलेला डाव सोडून देतात. मात होईपर्यंत खेळलेले डाव त्या मानाने कमी, त्यामुळे असं नेटवर्क वजीर वर असूनही पटभर भटकत राहतं. राजा-हत्ती विरुद्ध एकटा राजा हा जास्तीत जास्त १६ खेळ्यांचा शेवट, आणि ते पन्नास खेळ्यांच्या नियमात अडकून बरोबरी करतं.

छाटणीला कमी लेखू नका. प्रत्येक स्थितीत सरासरी ३५ खेळ्या धरल्या तर चार पातळ्यांना १५ लाख शेवटची पानं (झाडाच्या टोकाच्या स्थिती) होतात. खेळ्यांचा क्रम अगदी उत्तम लागला तर अल्फा-बीटा तेच उत्तर २४४९ पानांत देतो. म्हणून मारामारीच्या खेळ्या आधी तपासायच्या.

मिरज जंक्शन

दोघांच्याही आधीची पायरी सांगतो, कारण प्रकल्प खरे तिथे फसतात. खेळ्या तयार करणारा कोड स्वतः लिहिला असेल तर मोजून घ्या: सुरुवातीच्या स्थितीतून एका खेळीला २० शक्यता, दोन खेळ्यांना (पांढऱ्याची एक, काळ्याची एक) ४००, तीन ८९०२, चार १,९७,२८१. एकाने जरी फरक आला तरी पुढे जाऊ नका.

काळ्याची पाळी असताना पट उलटा करून द्यावा लागतो. उलटताना ओळी बदलायच्या, स्तंभ नाहीत. स्तंभही फिरवले तर राजा-वजिराच्या जागांची अदलाबदल होते, कॅसलिंगची लांब-आखूड बाजू उलटते आणि नेटवर्क मुकाट्याने चुकीचं शिकतं. कुठलीही एरर येत नाही.

सर्वांत मोठी फसगत चाचणीची. सगळ्या स्थिती पिसून ८० टक्के शिकवणीला आणि २० टक्के चाचणीला वाटल्या की एकाच डावातली १७ वी खेळी शिकवणीत आणि १८ वी चाचणीत जाते. अचूकता फुगते आणि खऱ्या डावात नेटवर्क कोलमडतं. वाटणी डावानुसार करा, चाचणीला वेगळा महिना ठेवा आणि एका डावातून आठ-दहाच स्थिती उचला.

कृष्णाकाठ (सांगली)

मात होण्याचा मुद्दा मान्य. पण झाडाशिवाय जमतच नाही हे मान्य नाही. २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडने २७ कोटी पॅरामीटरचं (शिकताना जुळवल्या जाणाऱ्या आकड्यांचं) नेटवर्क शोध न करता खेळवलं आणि लिचेसवर माणसांविरुद्ध ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या डावांत) २८९५ रेटिंग मिळवलं.

आणि प्रकल्प कशासाठी, हेही बघा. सांगली हे नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांचं गाव. इथे बाराशे रेटिंगच्या मुलाला सरावाला जोडीदार हवा. शोध करणारं इंजिन मुद्दाम कमकुवत केलं की आठ खेळ्या ग्रँडमास्टरसारख्या खेळतं आणि नवव्या खेळीला वजीर फुकट देतं. अशा चुका माणूस करत नाही, त्यामुळे मुलाला त्यातून काही मिळत नाही. माइया हे नेटवर्क ठरावीक रेटिंगच्या माणसांच्याच डावांवर शिकवलेलं आहे. ते त्या पातळीच्या खेळाडूची खेळी साधारण निम्म्या वेळा बरोबर ओळखतं, आणि चुकतंही माणसासारखं. हे काम छाटणीने होणार नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

जोडीदाराचं पटलं. त्या कामाला नमुनेच हवेत, तिथे माझा विरोध नाही. पण २०२४ च्या त्या नेटवर्कला स्थितींचे गुण कोणी दिले? स्टॉकफिश १६ ने, झाड शोधून. शिवाय त्याला समोरची एकच स्थिती दिसते, मागच्या खेळ्या नाहीत, म्हणून तीन वेळा तीच स्थिती आल्याची बरोबरी त्याला कळत नाही.

जिंकणारं इंजिन हवं असेल तर दोन्ही जोडा, पण झाड आधी. स्टॉकफिशने २०२० मध्ये बाराव्या आवृत्तीत तेच केलं: झाड ठेवलं आणि पानांवरचं मूल्यमापन नेटवर्ककडे दिलं. एका खेळीत दोन-तीनच खाने बदलतात, म्हणून पहिल्या थराची पूर्ण बेरीज पुन्हा करावी लागत नाही आणि साध्या सीपीयूवरही वेग टिकतो. शिकवताना मारामारी चालू असलेल्या स्थिती वगळा, नाहीतर अर्धवट देवाणघेवाणीला "वजीर कमी" असे गुण मिळतात.

मिरज जंक्शन

तुलना करणार असाल तर दोन्ही इंजिनांना तीच ५० ओपनिंग्ज (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्या) द्या, रंग बदलून दोनदा. १०० डावांत ५५-४५ आलं म्हणून कोणी सरस ठरत नाही, तेवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. निदान हजार डाव खेळवा, आणि मागच्या रांगेत मात होण्याच्या शंभर स्थिती वेगळ्या काढून दोन्ही इंजिनांना त्या आधी द्या.