ऐन थंडीत घर बदललंय का कुणी?

ओवी_ठाणे
आज समोरच्या बिल्डिंगखाली टेम्पो लागलाय, त्यातल्या फ्रीजला लाल रजई गुंडाळलेली. बघून एकदम आमचं नौपाडा आठवलं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि डिसेंबरअखेर चाव्या द्यायच्या होत्या. सगळे मजले एकदमच हलले. जिन्यात कुणाचं कपाट अडकलेलं, कठड्यावर कुणाची तुळस. आमच्या रजया गेल्या सामानाला गुंडाळायला आणि नेमकी त्याच रात्री नव्या घरी, मानपाड्याला, येऊरच्या डोंगरावरचं वारं सुटलं. सुऱ्या-कात्र्या कुठल्या खोक्यात ते देव जाणे. शेवटी बाबांनी किल्लीने घासून घासून सुतळी तोडली आणि फ्रीज उघडा पाडला! चौघांत एक रजई, तिलाही फोडणीचा वास. तुमचेही किस्से येऊ द्या.

घोडबंदरकर
थंडी? ठाण्यात? आमच्याकडे पंखा तीनवरून दोनवर येतो, झाला हिवाळा.
आमचा टेम्पो मीरा रोडहून निघाला तो गायमुखच्या घाटात अडकला. कासारवडवलीला पोचेपर्यंत दिवेलागण. सहानंतर सामान लिफ्टने न्यायचं नाही म्हणे. वॉचमन म्हणतो सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी लग्नाला. लग्नसराई ना! मग काय, पार्किंगमध्ये आमचाच सोफा टाकून रात्रभर राखण. येणारेजाणारे गुड नाईट करून जात होते.

नेरुळची_मंजू
सोफा 🤣🤣
आमच्याकडे थंडीपेक्षा धनुर्मास मोठा. साधारण १६ डिसेंबर ते संक्रांत गृहप्रवेश नाही, सासूबाई ठाम. इकडे ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलेलं, मालक एक दिवस वाढवून देईना. मग धनुर्मास लागायच्या आत उलव्याच्या घरी दूध उतू घातलं, देव नेऊन ठेवले. म्हणजे प्रवेश झाला, सामान मागाहून येईना का! पण देव तिकडे आणि आम्ही इकडे, रोज दिवा लावायला कोण जाणार? मीच. उलव्याला खारकोपरची लोकल २०१८ ला आली, आमचं त्याआधीचं. रिक्षावाला ओळखीचा झाला, विचारायचा, आज फुलं नाही घेतली?

अनामिक_वाशी
भाड्याच्या घराला कसला आलाय धनुर्मास

नेरुळची_मंजू
अरे भाड्याचं सोडलं, उलव्याचं स्वतःचं. नीट वाच की.

कोपरखैरणे_काकू
तव्यावर भाकरी आहे, थोडक्यात लिहिते. मुलींनो, संक्रांतीनंतरच हला. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू, सगळ्या मजल्यांवर ओळखी होतात. मी गेले तेव्हा आमचं अर्धं सामान खोक्यांतच होतं. वाणात प्लास्टिकची गाळणी मिळाली, दुसऱ्या दिवशी चहा तिनेच गाळला. आमची गाळणी होळीला सापडली, मिक्सरच्या भांड्यात.

ओवी_ठाणे
काकू 😍 भाकरी कशाची?

कोपरखैरणे_काकू
बाजरीची गं. तीळ लावून. ये.

सीवूड्स_विंग_बी
जानेवारीत आलो. एजंटने 'खिडकीतून फ्लेमिंगो दिसतात' सांगून भाडं वाढवलं. दिसतात, खोटं नाही. पण शेजारी दोन टॉवरचं काम चालू, खिडकी उघडली की ओट्यावर सिमेंटचा थर. पावसाळ्यात धूळ खाली तरी बसते, हिवाळ्यात नुसती तरंगते. मुलाचा खोकला महिनाभर गेला नाही. फ्लेमिंगो काचेतूनच बघतो.

घोडबंदरकर
आमच्याकडे मेट्रोचं काम. फ्लेमिंगोपण नाहीत.

ऐरोलीची_सून
विषय सोडून विचारते, सॉरी. रीसेलचा फ्लॅट घेतलाय, पाइप गॅस आपल्या नावावर करायला काय लागतं?

अनामिक_वाशी
आधी जुन्या मालकाचं बिल थकलंय का बघ. चावी घेतल्यावर ते फोन उचलत नाहीत.

ऐरोलीची_सून
बाप रे. आत्ताच फोन करते. आणि पॅकिंगची खोकी कुठे मिळतील? किराणावाला आता विकत देतो!

घोडबंदरकर
माझ्या माळ्यावर आहेत, फुकट घेऊन जा. बायको आशीर्वाद देईल. फक्त सहाच्या आत ये.

नेरुळची_मंजू
आणि उशीर झालाच तर सोफा आहे 🤣