घरी माइक असताना स्टुडिओ कशाला?

घरी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) असताना स्टुडिओवर पैसे का घालायचे, असं वर विचारलंय म्हणून सांगते. आमच्या भजनी मंडळाचे चार अभंग पुण्यात एका दोन खोल्यांच्या स्टुडिओत केले, तिथल्या इंजिनिअर दादांनी पहिला पाऊण तास एकही टेक घेतला नाही, एसी बंद केला, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना वेगळा माइक लावला आणि ज्या तोंडाला कणिक लावतात त्या खर्जाच्या बाजूचा वीतभर मागे घेतला, कारण एका दिशेनेच आवाज पकडणाऱ्या माइकजवळ फार गेलं की बास फुगतो. दोन्ही माइक मिळून आवाज पोकळ वाटला तेव्हा एकाची फेज उलटी केली (म्हणजे त्याची ध्वनिलहर उलटवली, दोन लहरी एकमेकींना खोडू नयेत म्हणून) आणि पखवाज एकदम भरला, अंगावर काटा आला खरंच. टाळ शेजारच्या खोलीत, नाहीतर ते सगळ्या माइकमध्ये शिरतात!! रेकॉर्डिंग 24 बिट असल्याने (यात हळू आवाजही स्वच्छ राहतो) लेव्हल मुद्दाम कमी ठेवली, गजर चढला तरी कुठे फाटलं नाही. क्लिक ट्रॅकही (कानात एकसारखे ठोके देणारा) नको म्हणाले, अभंगाची लय शेवटी वाढतेच, वाढू द्या. हे कान घरच्या सेटअपमध्ये कुठून आणणार? डेमो घरी करा, फायनल अशा माणसाकडेच करा. आणि हो, कणिक तिथे गेल्यावर ताजी मळून लावा, सुकली की सूर चढतो.