ग्राउंडेड थिअरी की थीमॅटिक?

संशोधनासाठी ऊसतोड कामगार बायकांच्या बारा मुलाखती घेऊन झाल्यात आणि सर ग्राउंडेड थिअरीच (म्हणजे मुलाखतींतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत) वापरा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते इथे ती बसणार नाही. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडलेल्या या पद्धतीत मुलाखती आणि विश्लेषण हातात हात घालून चालतात. पहिल्या तीन-चार मुलाखतींतून जे निघतं, त्यावरून पुढे कोणाला भेटायचं आणि काय विचारायचं ते ठरतं. तुमच्या मुलाखती आधीच संपल्यात. पुन्हा फडावर जाता येणार असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या संशोधनाचा प्रश्न 'काय काय चाललंय' असा मोकळा आहे, तेव्हा ब्राउन आणि क्लार्क यांचं थीमॅटिक विश्लेषण घ्या, म्हणजे सगळ्या मुलाखतींतून जाणारे अर्थाचे धागे (थीम) शोधा. मात्र मुलाखतीतला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक थीम, असं करू नका, ही चूक फार होते.

आणि कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या तुकड्यांना अर्थाची छोटी नावं देणं, मराठीतच करा, हे अगदी कळकळीने सांगते. बाई 'उचल' (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) म्हणते तिथे 'कर्ज' असा कोड दिलात, की मुकादमाशी बांधलेला अख्खा हंगाम त्यातून निसटतो. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हत्यार नव्हे. तिची मजुरीही त्या जोडीतच मोजली जाते. या एका शब्दातून कदाचित तुमची मुख्य थीम निघेल. दोन मुलाखती आधी ओळीओळीने कोड करून बघा, मग सरांशी बोला.