जुनी थडगी आणि तिथली भुतं: तुमचे अनुभव सांगा

शेंगाचटणी: परवा हुरड्याला गावी गेलतो, मंगळवेढ्याच्या अलीकडं, भीमेकाठी. आमच्या बांधापलीकडं सात-आठ जुनी थडगी आहेत, वेड्या बाभळीत बुडालेली. माचणूरजवळ ब्रह्मपुरीला 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी होती, त्यामुळं गावानं ही त्याच्या शिपायांची ठरवून टाकलीत. अमावस्येला घोड्यांच्या टापा वाजतात म्हणे. ऐकलेल्या असतात त्या कुणाच्यातरी चुलत्यानं. म्हणून विचारतो, स्वतःचं असेल ते सांगा.

रात्रपाळी: माझं स्वतःचं आहे. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. बाराला मोटार चालू करून उसाला दारं धरत होतो. शेजारच्या पट्टीत एकच थडगं, एक बाजू ढासळलेली. तिथनं बाई किंचाळल्यासारखा आवाज आला. बॅटरी मारली तर चिऱ्यावर पांढरं तोंड, बदामाच्या आकाराचं, मान हळूहळू वाकडी होतेय. खोरं तिथंच टाकलं आणि वस्ती गाठली. सकाळी वडलांनी दाखवलं, ढासळलेल्या भोकात गव्हाणी घुबडाची पिल्लं होती. रात्रभर पाणी एकाच सरीत गेलं, त्यावरनं जे ऐकून घेतलं ते भुताच्या वरचढ होतं.

का_बे: टापा म्हणजे रानडुकरं बे.

कडबा: आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून पुरतात. आजोबांची समाधी शेतातच. भीती कसली? आज्जी खुरपायला जाताना तिथं पाच मिनटं टेकायची आणि पदर सावरून सांगायची, "आवो, यंदा कडब्याला भाव न्हाई." नातसुनेची तक्रारसुद्धा तिथंच व्हायची. बाकी पोरं त्या वाटेनं पळत जायची, आम्ही तिथं डबा खायचो.

गोळीवाला: चौथीत असताना थडग्यापाशी उतारा दिसला. दहीभात, लिंबू, वर दोन रुपये. भात कुत्र्यानं खाल्ला, रुपयांच्या गोळ्या मी. रात्री मला ताप. आईला खरं सांगितलं, तर तिनं माझ्यावरनं दुसरा उतारा काढून तिथंच नेऊन ठेवला, वर पुन्हा दोन रुपये. सकाळी ते नव्हते. वर्गातला कोण होता ते अजून कळलेलं नाही.

शेंगाचटणी: काल चुलत्यालाच फोन लावला. म्हणाला, टापांची गोष्ट आमच्या आजोबांनीच उठवलेली. थडग्यांच्या कडेला आमच्या बोरी होत्या, पोरं रात्रीची झोडपून न्यायची. मी म्हटलं, मग आता रात्री बांधावरनं येऊ का? तर म्हणाला, "नगं, रस्त्यानं ये."