आईच्या पॅसेजमधला सेन्सर (बी विंग ग्रुप)

बी ४०३: उशिरा मेसेज करतोय, सॉरी. आईला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं म्हणून पॅसेजमध्ये मोशन सेन्सर आणि बाथरूमपाशी स्मार्ट बल्ब लावलाय, ती उठली की दिवा आपोआप लागतो. पण गेले दहा-बारा दिवस सेन्सर मधेच ऑफलाइन होतोय. काल ती अंधारात भिंत चाचपत चालली होती, मला जाग आली म्हणून बरं. नवीन हब (या सगळ्या स्मार्ट वस्तू ज्याला जोडतात ते यंत्र) घेऊ का?

बी ७०१: अगं बाई, पडल्या नाहीत ना? आमचे वायफायवाले प्लग असेच करायचे, शेवटी राऊटर बदलला.

बी ४०३: नाही वहिनी, ठीक आहे ती.

बी २०२: अरे थांब, एवढ्यात काही घेऊ नकोस. सेन्सर वायफायचा की झिगबीचा, म्हणजे त्या कमी विजेवर चालणाऱ्या वेगळ्या रेडिओचा? आणि हब कुठे ठेवलायस?

बी ४०३: झिगबीचा, काका. जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट (स्मार्ट वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, तोच हब, त्याला झिगबीचा यूएसबी डोंगल. लॅपटॉप टीव्हीखाली राऊटरला चिकटून. शेजारी हार्ड डिस्क, ती फोटोंच्या बॅकअपला मागच्या पंधरवड्यात जोडली.

बी २०२: मग आधी तिथेच बघ. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि डिस्कच्या वायरीतून बरोबर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निघतो, झिगबी तिथेच बोलतं, वायफाय पण तिथेच, इंटेलने २०१२ साली यावर पेपरच काढला होता. सेन्सरची बॅटरी एवढीशी, त्याचा आवाज बारीक, तो त्या गोंगाटात डोंगलला ऐकूच जात नाही. दीड-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आण, डोंगल राऊटर आणि डिस्कपासून लांब, उंचावर लाव. लॅपटॉपला यूएसबी २ चा पोर्ट असला तर त्यातच घाल.

बी ४०३: लगेच करतो.

(दुसऱ्या दिवशी)

बी ४०३: काका, खूप फरक पडला, सिग्नल दुप्पट दिसतोय. तरी पहाटे चारला एकदा गेलाच.

बी २०२: सेन्सर आणि डोंगलच्या मधे झिगबीचा कुठला स्मार्ट प्लग आहे का? बॅटरीवरचा सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे पाठवत नाही, ते काम कायम विजेवर असणाऱ्या प्लगचं किंवा बल्बचं. तो बंद झाला की त्याच्या आधारावरचा सेन्सर लटकतो.

बी ४०३: हॉलमध्ये आहे एक. आत्ता जाऊन बघितलं तर बोर्डावरचं बटण बंद! आईला विचारलं तर म्हणाली, झोपताना सगळी बटणं बंद करायचीच असतात, आयुष्यभर केलंय. तिचं बरोबरच आहे, मीच तिला सांगितलं नव्हतं.

बी ५०४: आमच्याकडे सासूबाई पण तेच करायच्या, आम्ही बटणावर झाकण बसवून घेतलं. बल्बचं बटण पण बघा हं, ते बंद झालं की सेन्सर चालू असून काही उपयोग नाही.

बी २०२: आणि खरं सांगू, पॅसेजमध्ये एक साधा प्लगचा नाइट लॅम्प पण लाव, रात्रभर जळू दे. आईच्या पायाखालचा उजेड एका ॲपवर अवलंबून ठेवू नकोस रे.

बी ४०३: हो काका, आजच आणतो. झिगबीचा चॅनल पण बदलू का? ११ वर आहे.

बी २०२: बदल. वायफायच्या १ वर आणि झिगबीच्या ११ वर जवळपास एकच जागा येते, नावं वेगळी असली तरी. झिगबी २५ वर टाक आणि स्वतःचं वायफाय १ किंवा ६ वर ठेव, ११ वर नको. चॅनल बदलल्यावर एखादं डिव्हाइस परत जोडावं लागेल, दिवसा कर, रात्री नको. तुझ्या भिंतीपलीकडे ४०२ आणि ४०४ चे राऊटर आहेत, त्यांनी पण २.४ च्या वायफायची विड्थ (चॅनलची रुंदी) ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ केली तर तुम्हा तिघांनाही बरं.

बी ४०४: आमचा ऑटोवरच होता. ६ वर केलाय, विड्थ २०. काकूंना सांग, काळजी करू नका म्हणावं.

बी ४०२: आम्ही गावाला आहोत, रविवारी आलो की करतो. तोपर्यंत हवं तर राऊटर बंद करून ठेव, किल्ली ३०१ कडे आहे.