मदत हवी आहे: रातपाळी, घबराट आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची तपासणी

धाकटा भाऊ सोलापुरात यंत्रमागावर कायम रातपाळीला आहे. सकाळी घरी येऊन आडवा होतो, डोळा लागतो न लागतो तोच छाती धडधडून उठून बसतो. दिवसभर उदास, जेवणावर मन नाही. डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम (उदासी-घबराटीवरचं औषध) दिलंय, ते चालूच ठेवणार आहोत. थायरॉइड ठीक, स्टेरॉइडचं कुठलंही औषध नाही. सकाळी 8 चं रक्तातलं कॉर्टिसॉल नॉर्मल आलं. पण भीतीशी जोडलेलं सीआरएच (कॉर्टिसॉल वाढवायचा इशारा देणारं संप्रेरक) मेंदूत, अमिग्डाला या भीतीशी संबंधित भागातही तयार होतं. ते या तपासणीत कसं दिसणार? शिवाय 8 ची नॉर्मल पातळी रात्री झोपणाऱ्यांची, याची तर तेव्हा झोपायची वेळ. पाळी बदलून मिळत नाही. अशा माणसाचं उठल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल तपासून उपचारात खरंच फरक पडतो का, की तेच पैसे समुपदेशनावर घालावेत?