हकने चिठ्ठी फाडली, पण पुढचं काय?

नदीकाठ: काल इथे एकाने मार्क ट्वेनच्या कादंबरीबद्दल लिहिलं, "हकलबरी फिन ही मैत्रीची सर्वात निर्मळ गोष्ट. हक चिठ्ठी फाडतो तिथे थांबा, पुढचं वाचू नका." दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते. पुढचंच वाचायला हवं! हक हा गोरा पोरगा, जिम हा त्याच्यासोबत तराफ्यावरून निघालेला पळालेला गुलाम. एकतिसाव्या प्रकरणात हक म्हणतो, ठीक आहे, जाईन नरकात. आणि जिमचा पत्ता त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, कळवणारी चिठ्ठी फाडतो. मग जिमला जिथे कोंडलंय त्या फेल्प्सच्या शेतावर हकचा मित्र टॉम सॉयर येतो. जिमची साखळी पलंगाच्या पायाला अडकवलेली, पलंग उचलला की सुटते. धार लावायचा मोठा दगड पोरांना हलेना, तेव्हा जिम खरंच साखळी सोडवून, ती गळ्याभोवती गुंडाळून बाहेर येतो, दगड ढकलत आत आणतो आणि पुन्हा कैदेत बसतो. टॉमला पुस्तकातल्यासारखी सुटका हवी म्हणून! मिस वॉटसन मृत्युपत्रात जिमला मुक्त करून गेली, हेही टॉमला माहीत असतं. हकला नसतं, मान्य. पण तो हे सगळं बघतो आणि टॉमच्या मागे जातो. याला मैत्री म्हणायचं?

जुनाट_वाचक: पंधरावं प्रकरण विसरलात. धुक्यात ताटातूट होते, जिम रडून बेजार होतो आणि हक त्याला सांगतो, तुला स्वप्न पडलं. थट्टा कळल्यावर जिम जे बोलतो, त्यानंतर माफी मागायला हकला पंधरा मिनिटं लागतात, पण तो मागतो. माझ्या आजोळी चांदीची वाटी हरवली, आळ गड्यावर आला. ती मी विहिरीत टाकली होती. मी नऊ वर्षांचा. तो माणूस गेला, मी गप्प राहिलो. आज साठी उलटली. ती पंधरा मिनिटं मला अजून जमलेली नाहीत. हकला नावं ठेवण्याआधी याचा विचार करा.

वऱ्हाडकर: जिमचं ते बोलणं मराठीत कसं आणाल? मी करून पाहिलं: "जो दोस्ताच्या डोक्यावर घाण टाकून त्याले लाजवते, थो मानूस सोताच कचरा हाये."

पेठकर: सुंदर! जिम असाच बोलायला हवा.

वऱ्हाडकर: आणि हक? तो प्रमाण मराठीत बोलणार का? माझी आई अशी बोलते. पुण्यात कॉलेजात मी "मले" म्हणालो की अख्खं टेबल हसायचं. गुलाम आला की तुम्हाला आमची बोली आठवते.

पेठकर: उगाच अंगावर येऊ नका. मी कौतुक केलं!

वऱ्हाडकर: कौतुक नको, न्याय हवा. ट्वेनने सुरुवातीलाच सांगितलंय की पुस्तकात बोलीचे सात प्रकार आहेत. हकही शुद्ध बोलत नाही. बोली द्यायची तर दोघांना द्या. नाहीतर तराफ्यावर एक मालक आणि एक गडी बसवाल.

पेठकर: हकचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेवढं बरोबर. पण सूर खटकला.

नदीकाठ: बोलीवरून परत येऊ. जुनाट_वाचक, तुमची वाटी वाचून मी बराच वेळ गप्प बसले. माफी खरी, हे मानते. पण हकची सदसद्विवेकबुद्धीच बिघडलेली आहे. गुलाम पळवणं म्हणजे चोरी, हे त्याला लहानपणापासून शिकवलंय. चिठ्ठी फाडतानाही तो पाप करतोय असंच समजतो, गुलामी चूक आहे असं एकदाही म्हणत नाही. म्हणून तर टॉमसारखा शहाणा मुलगा आला की तो हार मानतो. त्याचं मन चांगलं आहे, पण ते एकट्या जिमपुरतं.

जुनाट_वाचक: एकट्या जिमपुरतं तरी होतं. आमच्या गड्यापुरतंही कुणाचं नव्हतं.

वऱ्हाडकर: आणि जिमला कोण विचारतंय? टॉमला गोळी लागते, तेव्हा पळायची संधी सोडून डॉक्टरजवळ तो थांबतो. त्याबद्दल इथे अजून एक ओळ नाही.